नेटवर्कवरील संगणकांवर ऑफिस इन्स्टॉल करताना येणाऱ्या त्रुटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या एका संगणकावर ऑफिस बसवणे आणि कार्यालयातील चाळीस संगणकांवर ते सर्व्हरवरून बसवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. घरी आपण स्वतः संगणकासमोर असतो, आपल्याच खात्याने काम करतो आणि इंटरनेटची वाट मोकळी असते. कार्यालयात मात्र इन्स्टॉलर बहुतेक वेळा वेगळ्याच खात्याने, नेटवर्कवरच्या फोल्डरमधून, प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाणारी मागणी पुढे नेणारा मध्यस्थ) आणि फायरवॉल (नको ती रहदारी अडवणारी यंत्रणा) ओलांडत चालतो आणि त्या वेळी पडद्यासमोर कोणीही नसते. पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः विंडोजवरील मायक्रोसॉफ्ट ऑफिसविषयी आणि काही अंशी लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचाविषयी आहेत. शाळा, पतसंस्था, नगरपालिका, लहान कारखाने अशा ठिकाणी या कामासाठी वेगळा विभाग नसतो आणि प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळे एकाच व्यक्तीला पाहावे लागते. त्या व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत.

त्रुटी आल्यावर सर्वांत आधी काय तपासावे?

त्रुटी एकाच संगणकावर येते की सगळ्यांवर, हे आधी ठरवावे. एकाच संगणकावर येत असेल तर कारण त्या संगणकात आहे: अपुरी जागा, जुन्या आवृत्तीचे अवशेष, बंद पडलेली सर्व्हिस. सगळ्यांवर येत असेल तर एकेक संगणक उघडून बसण्यात अर्थ नाही, कारण दोष सामायिक फोल्डरमध्ये, परवानग्यांमध्ये, प्रॉक्सीमध्ये किंवा तुम्ही लिहिलेल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये (काय आणि कसे बसवायचे ते इन्स्टॉलरला सांगणाऱ्या फाइलमध्ये) आहे. काही संगणकांवर येते आणि काहींवर येत नाही, असे असेल तर त्या दोन गटांत काय वेगळे आहे ते शोधावे. ते वेगळे स्विचवर आहेत का, त्यांची विंडोजची आवृत्ती वेगळी आहे का, ते वेगळ्या वेळी खरेदी केलेले आहेत का, हे पाहिले की कारण बहुधा हाती लागते.

त्यानंतर तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: इन्स्टॉलर कोणत्या खात्याने चालला, फाइली कोणत्या पत्त्यावरून घेत होता आणि बाहेर जाण्याची त्याची वाट कोणती होती. नेटवर्कवरील इन्स्टॉलेशनच्या बहुसंख्य त्रुटींचे उत्तर या तीन ओळींत असते. विंडोज पुन्हा टाकणे, ऑफिस काढून पुन्हा बसवणे किंवा 'रजिस्ट्री साफ करणारी' साधने चालवणे हे उपाय लोक फार लवकर करतात. त्यात अख्खा दिवस जातो आणि खरे कारण जागच्या जागी राहते.

पडद्यावरचा संदेश अगदी मोघम असतो. नेमके कारण कुठे लिहिलेले असते?

ते लॉग फाइलमध्ये असते. आजचे क्लिक-टू-रन पद्धतीचे (फाइली उतरवून घेत घेत बसणारे) ऑफिस ज्या खात्याने चालते त्याच्या टेम्प फोल्डरमध्ये लॉग ठेवते आणि त्या फाइलच्या नावात संगणकाचे नाव, तारीख व वेळ असते. येथे अनेकांची गफलत होते. इन्स्टॉलेशन सिस्टिम खात्याने (विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्याने) झाले असेल, म्हणजे स्टार्टअप स्क्रिप्टमधून (संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आदेशांच्या फाइलमधून) किंवा एखाद्या वितरण साधनातून झाले असेल, तर लॉग वापरकर्त्याच्या टेम्प फोल्डरमध्ये सापडत नाही. तो विंडोज फोल्डरमधील टेम्पमध्ये असतो.

एमएसआय पद्धतीच्या (विंडोज इन्स्टॉलरकडून बसणाऱ्या) पॅकेजसाठी एमएसआयएक्झेक हा आदेश चालवताना सविस्तर लॉगचा पर्याय द्यावा आणि तयार झालेल्या फाइलमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द इंग्रजीत शोधावेत. शेवटच्या ओळी वाचून काही समजत नाही, कारण त्या केवळ माघार घेतल्याची नोंद असतात. 'रिटर्न व्हॅल्यू ३' जिथे प्रथम येते त्याच्या लगेच वरच्या ओळींत खरे कारण असते. याखेरीज इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये एमएसआयइन्स्टॉलर या स्रोताच्या नोंदी पाहाव्यात. तेथे ११७०७ हा क्रमांक यशस्वी आणि ११७०८ हा अयशस्वी इन्स्टॉलेशनचा असतो.

एमएसआय आणि क्लिक-टू-रन यांतील फरक आम्हाला माहीत असणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, कारण दोन्हींचे त्रुटी क्रमांक, लॉग आणि उपाय वेगळे आहेत. ऑफिस २०१६ पर्यंतच्या व्हॉल्यूम परवान्याच्या आवृत्त्या एमएसआय स्वरूपात मिळत असत आणि त्या विंडोज इन्स्टॉलरकडून बसवल्या जात. ऑफिस २०१९ पासून सर्वच आवृत्त्या, तसेच मायक्रोसॉफ्ट ३६५ अ‍ॅप्स, फक्त क्लिक-टू-रन पद्धतीने येतात आणि त्या ऑफिस डिप्लॉयमेंट टूल या मोफत साधनाने नेटवर्कवर बसवतात. १६०३, १६१८, १७०६ असे चार आकडी क्रमांक साधारणपणे विंडोज इन्स्टॉलरचे असतात. एक क्रमांक (बहुधा तीनपासून सुरू होणारा पाच आकडी), पुढे आडवी रेघ आणि आणखी एक छोटा आकडा अशी मांडणी असेल तर ती क्लिक-टू-रनची त्रुटी समजावी.

सर्व्हरवरील सेटअप हाताने चालवला की ऑफिस व्यवस्थित बसते, पण तोच सेटअप स्टार्टअप स्क्रिप्टमधून चालवला की 'फाइल सापडत नाही' किंवा 'प्रवेश नाकारला' असे का येते?

या विषयात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. तुम्ही हाताने सेटअप चालवता तेव्हा सर्व्हरला तुमचे खाते दिसते आणि त्या खात्याला सामायिक फोल्डर उघडण्याची परवानगी असते. स्टार्टअप स्क्रिप्ट मात्र कोणीही लॉग-इन करण्यापूर्वी सिस्टिम खात्याने चालते. डोमेनमधील (ज्या नेटवर्कची सर्व खाती एक मध्यवर्ती सर्व्हर सांभाळतो त्यातील) संगणकावर सिस्टिम खाते नेटवर्कवर जाते तेव्हा ते त्या संगणकाच्याच खात्याने ओळखले जाते. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने फोल्डर मागायला आलेला कोणी कर्मचारी नसून 'लेखा विभागातील तिसरा संगणक' असतो, आणि त्याचे नाव परवानग्यांच्या यादीत नसते.

यावर उपाय म्हणजे सामायिक फोल्डरला 'डोमेन कॉम्प्युटर्स' या गटासाठी वाचनाची परवानगी द्यावी, आणि ती दोन्ही ठिकाणी द्यावी: शेअरिंगच्या परवानग्यांत आणि एनटीएफएसच्या (डिस्कवरील फाइल व्यवस्थेच्या) सुरक्षा परवानग्यांत. यांपैकी एकाच ठिकाणी परवानगी दिली तर त्रुटी तशीच राहते, कारण दोहोंपैकी जी अधिक कडक असते तीच लागू होते. लिहिण्याची परवानगी मात्र देऊ नये. ज्या फोल्डरमधून सर्व संगणकांवर प्रशासकाच्या अधिकाराने फाइली चालतात, त्यात कोणालाही लिहिता येणे हा मोठा धोका आहे.

परवानगी दिल्यानंतर ती खरोखर लागू झाली का, हे संगणकाच्याच खात्याने तपासावे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या संचातील पीएसएक्झेक या साधनाने सिस्टिम खात्याचा कमांड प्रॉम्प्ट उघडता येतो आणि त्यातून सर्व्हरवरील फोल्डरची यादी मागून पाहता येते. यादी आली तर परवानग्या बरोबर आहेत. न आल्यास स्क्रिप्टमध्ये बदल करत बसण्यापूर्वी परवानग्यांकडे परत जावे.

तुमचे संगणक डोमेनमध्ये नसतील, केवळ वर्कग्रुपमध्ये असतील, तर हा मार्गच बंद असतो, कारण तेथे संगणकाच्या खात्याला सर्व्हर ओळखत नाही. अशा वेळी फाइली आधी प्रत्येक संगणकावर उतरवून घेऊन तेथूनच सेटअप चालवणे सर्वांत भरवशाचे ठरते.

आमच्याकडे सर्व्हरचे फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेले आहे. प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडल्यावर तो ड्राइव्ह दिसेनासा का होतो?

जोडलेली ड्राइव्हची अक्षरे संगणकाची नसतात, ती त्या लॉग-इन सत्राची असतात. युजर अकाउंट कंट्रोल चालू असताना साधे सत्र आणि प्रशासकाचे सत्र वेगळे असते, त्यामुळे एकात जोडलेला ड्राइव्ह दुसऱ्यात दिसत नाही. सिस्टिम खात्याला तर तो कधीच दिसत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये आणि कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ड्राइव्हचे अक्षर वापरू नये. दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा, सर्व्हरच्या नावासह पूर्ण पत्ता लिहावा.

सेटअप सुरू होतो, पण काहीच न होता तासन्‌तास तसाच राहतो. असे का?

शांत पद्धतीने (पडद्यावर काही न दाखवता) चालवलेल्या सेटअपपुढे 'ही फाइल उघडायची का?' असा सुरक्षा इशारा आलेला असतो आणि तो कोणाला दिसत नाही. सर्व्हरचा पत्ता पूर्ण डोमेन नावासह किंवा आयपी क्रमांकाने लिहिला असेल तर विंडोज त्याला इंटरनेटवरचे ठिकाण समजू शकते. ग्रुप पॉलिसीतून (डोमेनमधील सर्व संगणकांना एकत्र सेटिंग देण्याच्या सोयीतून) तो सर्व्हर 'लोकल इंट्रानेट' विभागात घालावा. इंटरनेटवरून उतरवलेल्या सेटअप फाइलवर 'बाहेरून आलेली' अशी खूण असल्यास फाइलच्या गुणधर्मांत जाऊन 'अनब्लॉक' करावे. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये परवाना करार स्वीकारल्याची नोंद नसेल तरीही नेमके असेच घडते.

नवीन विंडोज ११ संगणकांवरून जुन्या नेटवर्क स्टोरेजवरील सेटअपचे फोल्डर उघडतच नाही. जुने संगणक मात्र ते उघडतात. दोष कुणाचा?

दोष कुणाचाच नाही, सुरक्षेचे नियम बदलले आहेत. एसएमबीची (नेटवर्कवरील फोल्डर उघडण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून मुळात बसवलेली नसते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन या प्रकारांत, एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावर ओळखीची सही असणे) सक्तीचे झाले आणि पासवर्डाशिवाय पाहुणा म्हणून फोल्डर उघडण्याची सोय प्रो प्रकारातही बंद झाली. अनेक कार्यालयांतील जुनी स्टोरेज पेटी पाहुण्यांना मोकळी ठेवलेली असते, म्हणून ती नव्या संगणकांना उघडत नाही.

योग्य उपाय असा, की पेटीचे फर्मवेअर अद्ययावत करावे, तिच्यावर खाते आणि पासवर्ड तयार करावा आणि किमान एसएमबी २ चालू करावे. इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक सूचना एसएमबी १ पुन्हा चालू करायला सांगतात. तसे करू नये. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर जो धुमाकूळ घातला तो याच जुन्या आवृत्तीतील दोषाच्या आधारे, आणि एका इन्स्टॉलेशनच्या सोयीसाठी संपूर्ण कार्यालयाचे दप्तर पणाला लावणे कोणत्याही हिशेबाने योग्य नाही.

वीस संगणकांपर्यंत सगळे सुरळीत चालते, पुढच्या संगणकांवर 'आणखी जोडणी करता येत नाही' असा संदेश येतो.

फाइली ठेवलेला संगणक सर्व्हर नसून साधा विंडोज १० किंवा ११ असावा. त्याच्या परवान्यानुसार एका वेळी वीसच संगणकांना जोडणी मिळते. गटागटाने इन्स्टॉल करा किंवा फाइली खऱ्या सर्व्हरवर अथवा स्टोरेज पेटीवर हलवा.

क्लिक-टू-रन इन्स्टॉलेशन अर्ध्यावर थांबते आणि 'इंटरनेट जोडणी तपासा' असे सांगते. पण त्याच संगणकावर ब्राउझर तर चालतो!

ब्राउझर चालणे हा येथे पुरावा ठरत नाही. ब्राउझर तुमच्या खात्याने चालतो आणि तुमच्या खात्यात भरलेली प्रॉक्सीची माहिती वापरतो. क्लिक-टू-रन सर्व्हिस सिस्टिम खात्याने चालते. त्या खात्याला तुमच्या प्रॉक्सीची माहिती नसते, आणि प्रॉक्सी जर वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड मागत असेल तर त्या मागणीला उत्तर देणारे तेथे कोणी नसते.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, संगणकाच्या पातळीवरील विनएचटीटीपी प्रॉक्सी (विंडोजच्या सर्व्हिस जी वापरतात ती) नेटशेल (netsh) आदेशाने भरावी. दुसरा, प्रॉक्सी आणि फायरवॉल यांत मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस वितरण सर्व्हरला, म्हणजे ऑफिससीडीएन.मायक्रोसॉफ्ट.कॉम या पत्त्याला, ८० आणि ४४३ या दोन्ही पोर्टवर ओळख न विचारता जाऊ द्यावे. अनेक ठिकाणी ४४३ उघडलेले असते आणि 'असुरक्षित' म्हणून ८० बंद केलेले असते. ऑफिसच्या फाइली उतरवण्यासाठी ८० लागते, त्यामुळे इन्स्टॉलेशन सुरू होऊन मध्येच थांबते. एन्क्रिप्टेड रहदारी उघडून तपासणारी फायरवॉल असेल तर हा पत्ता त्या तपासणीतूनही वगळावा.

तिसरा मार्ग मला लहान कार्यालयांसाठी सर्वांत चांगला वाटतो. डिप्लॉयमेंट टूलचा 'डाउनलोड' पर्याय वापरून ऑफिसच्या फाइली एकदाच सर्व्हरवर उतरवाव्यात आणि कॉन्फिगरेशन फाइलमधील 'सोर्सपाथ' या जागी सर्व्हरचा पत्ता भरून प्रत्येक संगणकावर 'कॉन्फिगर' चालवावे. ऑफिसच्या फाइली काही जीबी भरतात, आणि तीच फाइल चाळीस वेळा इंटरनेटवरून ओढणे तालुक्याच्या गावातील जोडणीला झेपत नाही. सोर्सपाथ दिल्यावर फाइली तेथे पूर्ण सापडल्या नाहीत तर सेटअप अयशस्वी होतो. राहिलेल्या फाइली इंटरनेटवरून घ्याव्यात असे हवे असेल तर 'अलाउसीडीएनफॉलबॅक' हा पर्याय चालू करावा लागतो.

आणखी एक तपासणी येथेच करावी: डिप्लॉयमेंट टूल स्वतः जुने तर नाही ना? दोन-तीन वर्षांपूर्वीचा सेटअप जपून ठेवून त्याच्याकडून ऑफिस एलटीएससी २०२४ (व्हॉल्यूम परवान्याची, एकदाच खरेदी करण्याची आवृत्ती) बसवण्याची अपेक्षा केली तर त्याला त्या उत्पादनाचे नाव किंवा चॅनेल ओळखता येत नाही. प्रत्येक मोठ्या कामापूर्वी हे साधन नव्याने उतरवून घ्यावे.

१६०३ या क्रमांकाचा अर्थ काय?

'काहीतरी गंभीर बिघडले' एवढाच त्याचा अर्थ असतो. म्हणून १६०३ वरचा एकच एक उपाय सांगणाऱ्या कोणत्याही सल्ल्यावर विश्वास ठेवू नये. नेहमीची कारणे अशी आढळतात: ज्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करायचे त्यावर सिस्टिम खात्याला पूर्ण अधिकार नसणे, ते फोल्डर एन्क्रिप्ट केलेले असणे, सब्स्ट आदेशाने तयार केलेल्या आभासी ड्राइव्हवर इन्स्टॉल करणे किंवा तेच उत्पादन आधीपासून बसवलेले असणे. यांपैकी तुमचे कारण कोणते ते लॉगमधील 'रिटर्न व्हॅल्यू ३' च्या वरच्या ओळी सांगतील.

१६१८ आणि ०-१०१८ या त्रुटी वारंवार येतात.

दोन्हींचा अर्थ एकच: दुसरे एखादे इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. बऱ्याचदा ते विंडोज अपडेट असते किंवा वापरकर्त्याने दोनदा केलेले क्लिक. थोडा वेळ थांबावे, मग संगणक पुन्हा सुरू करावा आणि परत प्रयत्न करावा. अपडेट आणि ऑफिस यांच्या वेळा एकाच रात्री ठेवल्या असतील तर त्या वेगळ्या कराव्यात. स्क्रिप्टला ३०१० हा क्रमांक मिळाला तर ती त्रुटी नव्हे. इन्स्टॉलेशन यशस्वी झाले असून फक्त संगणक पुन्हा सुरू करायचा राहिला आहे, असा त्याचा अर्थ आहे. अनेक स्क्रिप्ट शून्याखेरीज प्रत्येक क्रमांकाला अपयश समजतात आणि चांगले झालेले इन्स्टॉलेशन पुन्हा पुन्हा चालवत राहतात.

क्लिक-टू-रनच्या १०५८-१३ आणि ३०१०२-११ या त्रुटींचे काय करावे?

पहिली त्रुटी क्लिक-टू-रन सर्व्हिस बंद करून ठेवल्यामुळे येते. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ती 'ऑटोमॅटिक' करावी आणि सुरू करावी. दुसरी डिस्कवरील अपुऱ्या जागेची आहे. अधिकृत आवश्यकता ४ जीबी मोकळ्या जागेची आहे, पण उतरवणे आणि उलगडणे एकाच वेळी चालत असल्याने त्याहून बरीच अधिक जागा ठेवावी.

जुने ऑफिस दुरुस्त करताना किंवा काढताना संगणक जुन्या सर्व्हरवरील फाइल मागतो आणि १७०६ किंवा १६१२ देतो. तो सर्व्हर आता अस्तित्वातच नाही.

एमएसआय पद्धतीत इन्स्टॉलेशन कोणत्या पत्त्यावरून झाले हे संगणक लक्षात ठेवतो आणि दुरुस्तीच्या वेळी तोच पत्ता शोधतो. सर्व्हर बदलला, त्याचे नाव बदलले किंवा फोल्डर हलवले की ही त्रुटी येते. त्याच आवृत्तीचे मूळ फोल्डर नव्या ठिकाणी ठेवून संदेशाच्या खिडकीत तो पत्ता देणे हा सरळ मार्ग आहे. जुन्या सर्व्हरचेच नाव नव्या सर्व्हरला डीएनएसमध्ये (नावावरून संगणकाचा पत्ता सांगणाऱ्या यादीत) पर्यायी नाव म्हणून दिल्याने कधी कधी काम भागते. मूळ फोल्डरच मिळत नसेल तर मायक्रोसॉफ्टचे ऑफिस अनइन्स्टॉल करण्याचे साधन वापरावे.

याच त्रुटीचे दुसरे कारण अधिक वाईट आहे. डिस्कवर जागा करण्यासाठी कोणीतरी विंडोज फोल्डरमधील 'इन्स्टॉलर' हे लपवलेले फोल्डर रिकामे केलेले असते. त्या फोल्डरमध्ये बसवलेल्या प्रत्येक एमएसआय उत्पादनाची दुरुस्तीसाठी लागणारी प्रत असते. ते आकाराने मोठे दिसते म्हणून मोह होतो, पण त्याला हात लावल्यास केवळ ऑफिसच नव्हे, तर इतर सॉफ्टवेअरचीही अपडेट आणि दुरुस्ती बंद पडते. नेटवर्क सांभाळणाऱ्याने ही सूचना सर्व सहकाऱ्यांना लेखी द्यावी.

३२ बिट आणि ६४ बिट यांची सरमिसळ झाल्याची त्रुटी कशी टाळावी?

एकाच संगणकावर ३२ बिट आणि ६४ बिट ऑफिसचे भाग एकत्र बसत नाहीत. व्हिजिओ आणि प्रोजेक्ट यांनाही हाच नियम लागू आहे. जुन्या ३२ बिट ऑफिसवर ६४ बिट चढवायचे असेल तर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'मायग्रेटआर्क' पर्याय द्यावा. जुने ऑफिस एमएसआय पद्धतीचे असेल तर 'रिमूव्हएमएसआय' हा घटक घालावा, जो ऑफिस २०१०, २०१३ आणि २०१६ च्या एमएसआय आवृत्त्या काढून टाकतो.

हे करण्यापूर्वी मात्र एक चौकशी आवर्जून करावी. लेखा विभागात किंवा टंकलेखनाच्या टेबलावर एक्सेल आणि वर्डला जोडलेली जुनी ३२ बिट अ‍ॅड-इन वापरात असतात. जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे एखादे साधन त्यांत असू शकते. ती ६४ बिट ऑफिसमध्ये चालत नाहीत. इन्स्टॉलेशन यशस्वी होते, पण दुसऱ्या दिवशी काम करणाऱ्या व्यक्तीचे काम बंद पडते, आणि तिच्या दृष्टीने ते अपयशच असते. म्हणून आधी त्या टेबलापाशी जाऊन विचारावे, मग आवृत्ती ठरवावी.

ग्रुप पॉलिसीतून दिलेले पॅकेज बसत नाही आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२७४ असा क्रमांक दिसतो.

ग्रुप पॉलिसीतून सॉफ्टवेअर फक्त संगणक सुरू होताना किंवा लॉग-इन करताना बसते, आणि त्या क्षणी नेटवर्क तयार असावे लागते. आजचे एसएसडी असलेले संगणक इतक्या वेगाने सुरू होतात की नेटवर्क जोडले जाण्यापूर्वीच विंडोज पुढे निघून जाते. 'संगणक सुरू होताना आणि लॉग-इन करताना नेहमी नेटवर्कची वाट पाहावी' या अर्थाचे धोरण चालू करावे आणि संगणक दोनदा रीस्टार्ट करावा. एवढ्याने भागले नाही तर स्विच पाहावा. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (केबलच्या जोडणीत वेटोळे होऊ न देणारी स्विचची व्यवस्था) चालू असेल तर केबलचे पोर्ट चालू होण्यास सुमारे ३० सेकंद लागतात. संगणक जोडलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा त्यासारखी सेटिंग केल्यास हा उशीर जातो. ही पद्धत एमएसआय पॅकेजसाठी आहे. क्लिक-टू-रन ऑफिस तिच्यातून थेट देता येत नाही, त्यासाठी स्टार्टअप स्क्रिप्ट वापरावी लागते.

ऑफिस बसले, पण मराठी भाषा बसत नाही, आणि मंगल फॉन्टमधील जुने दस्तऐवज वेगळे दिसतात.

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. मायक्रोसॉफ्ट ऑफिससाठी मराठी ही अंशतः भाषांतरित भाषा आहे. तिच्यासोबत एखादी पूर्ण भाषा, उदाहरणार्थ इंग्रजी, असावी लागते. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आधी इंग्रजी आणि मग मराठी असे दोन्ही घटक लिहावेत आणि सर्व्हरवर फाइली उतरवतानाच दोन्ही भाषा उतरवाव्यात. केवळ इंग्रजी उतरवून नंतर मराठी मागितल्यास सोर्सपाथमध्ये फाइल सापडत नाही.

मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट विंडोज १० पासून मूळ विंडोजबरोबर येत नाहीत. ते 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक सुविधेत असतात. मूळ विंडोजमध्ये निर्मला यूआय असतो, म्हणून मजकूर वाचता येतो, पण ओळी आणि पाने बदलतात. शासकीय नमुन्यात पानांची मांडणी ठरलेली असते तेथे हा प्रश्न गंभीर होतो. ही सुविधा घेताना नेटवर्कवरील संगणकांवर ०एक्स८००एफ०९५४ ही त्रुटी येते. संगणक अपडेटसाठी कार्यालयातील डब्ल्यूएसयूएस (विंडोजचे अपडेट वाटणाऱ्या) सर्व्हरकडे वळवलेले असतात आणि त्या सर्व्हरवर या सुविधेच्या फाइली नसतात, हे तिचे कारण आहे. ग्रुप पॉलिसीत सिस्टिम विभागाखाली ऐच्छिक घटकांच्या इन्स्टॉलेशन व दुरुस्तीची सेटिंग आहे. तिच्यात या फाइली डब्ल्यूएसयूएसऐवजी थेट विंडोज अपडेटवरून घेण्याची खूण करावी. डॉटनेट ३.५ बसवताना येणारी हीच त्रुटीही याच उपायाने जाते.

इन्स्टॉलेशन पूर्ण झाले, पण ऑफिस सक्रिय होत नाही. हा इन्स्टॉलेशनचाच दोष आहे का?

नाही, आणि त्यासाठी ऑफिस काढून पुन्हा बसवू नये. कार्यालयात केएमएस (व्हॉल्यूम परवाने सक्रिय करणारा) सर्व्हर असेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात. ०एक्ससी००४एफ०७४ म्हणजे केएमएस सर्व्हर सापडला नाही. १६८८ हे टीसीपी पोर्ट उघडे आहे का आणि डीएनएसमध्ये केएमएसची एसआरव्ही नोंद (ती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी) आहे का, ते तपासावे. संगणक आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत चार तासांपेक्षा अधिक फरक असला तरी सक्रियन नाकारले जाते. मदरबोर्डवरची बॅटरी संपलेल्या जुन्या संगणकांत हे हमखास घडते.

०एक्ससी००४एफ०३८ म्हणजे सर्व्हर सापडला, पण संगणकांची संख्या अपुरी आहे. ऑफिससाठी किमान पाच आणि विंडोजच्या साध्या आवृत्त्यांसाठी किमान पंचवीस संगणकांनी मागणी केल्याशिवाय केएमएस कोणालाही सक्रिय करत नाही. पंधरा संगणक असूनही संख्या एकावरच अडकली असेल तर ते सर्व एकाच डिस्क प्रतिमेवरून, सिसप्रेप (प्रतिमेतून संगणकाची स्वतःची ओळख पुसणारे विंडोजचे साधन) न चालवता तयार केलेले आहेत असे समजावे. त्या सर्वांची ओळख एकच असल्याने सर्व्हर त्यांना एकच संगणक मानतो. प्रतिमा घेण्यापूर्वी ऑफिसचे 'रीआर्म' साधन चालवावे आणि विंडोजला सिसप्रेपमधून 'जनरलाइझ' करावे.

केएमएसचे सक्रियन १८० दिवस टिकते आणि दर सात दिवसांनी त्याच्या नूतनीकरणाचा प्रयत्न होतो, म्हणून सर्व्हर दोन दिवस बंद राहिल्याने काही बिघडत नाही. इंटरनेटवर 'केएमएस अ‍ॅक्टिव्हेटर' या नावाने मिळणारी साधने मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. ती परवान्याचा भंग करतात, अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि नेमक्या त्याच वेळी प्रशासकाचे अधिकार मागतात.

इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करावा का?

सरसकट नाही. एका चाचणी संगणकावर, तेवढ्यापुरता, बंद करून फरक पडतो का ते पाहावे. फरक पडला तर अपवादाची नोंद मध्यवर्ती व्यवस्थापनातून करावी आणि ती फक्त ऑफिसच्या इन्स्टॉलरपुरती ठेवावी.

लिब्रेऑफिस नेटवर्कवर बसवताना वेगळे काय पाहावे लागते?

लिब्रेऑफिस एमएसआय पॅकेज म्हणून मिळते, म्हणून ते ग्रुप पॉलिसीतून किंवा एमएसआयएक्झेकने शांतपणे बसवता येते, आणि परवान्याच्या सक्रियनाचा प्रश्नच येत नाही. त्यात मराठी इंटरफेस उपलब्ध आहे. शांत इन्स्टॉलेशनमध्ये तो हवा असल्यास भाषांचा पर्याय आदेशातच द्यावा लागतो. १६१९ ही त्रुटी आली तर पॅकेज अर्धवट उतरले आहे किंवा पत्ता चुकला आहे. बेससारख्या (डेटाबेसच्या) भागांसाठी जावा लागत असेल तर ६४ बिट लिब्रेऑफिसला ६४ बिट जावाच हवी. इन्स्टॉलेशनच्या वेळी जुने लिब्रेऑफिस कोणाच्या संगणकावर उघडे नसेल याची खात्री करावी.

आज नव्याने बसवायचे असेल तर कोणती आवृत्ती निवडावी?

ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज १० चाही त्याच दिवशी. ऑफिस एलटीएससी २०२१ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. म्हणून कपाटात जुन्या आवृत्तीची परवाना चावी आहे एवढ्यासाठी ती चाळीस संगणकांवर बसवण्याचा खटाटोप करू नये. एलटीएससी २०२४, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा लिब्रेऑफिसची चालू आवृत्ती, यांपैकी कार्यालयाच्या खर्चात बसेल ती घ्यावी.

एवढे करूनही जमले नाही तर मदत मागताना कोणती माहिती द्यावी?

पूर्ण त्रुटी क्रमांक, विंडोज आणि ऑफिस यांच्या नेमक्या आवृत्त्या व बिट, वापरलेला आदेश जसाच्या तसा, कॉन्फिगरेशन फाइल, इन्स्टॉलर कोणत्या खात्याने चालला ती नोंद आणि संपूर्ण लॉग द्यावा. त्यातील एखादा तुकडा कापून देऊ नये. मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो पुरत नाही. कॉन्फिगरेशन फाइलमधील परवाना चावी आणि स्क्रिप्टमधील पासवर्ड पाठवण्यापूर्वी खोडावेत. जिथे इन्स्टॉलेशन यशस्वी झाले अशा एका संगणकाचा लॉगही सोबत जोडावा. दोन्ही लॉग शेजारी ठेवून ते जिथे प्रथम वेगळे होतात तेथपर्यंत वाचत गेले, की मदत करणाऱ्याला तुमच्या कार्यालयात न येताही पुढचे सांगता येते.